बदलीचं नंतर बघू

नीटचा निकाल लागला की आमच्या इंटरनेट सेंटरात पेढेवाले फार वेळ थांबत नाहीत. पोराला भरघोस मार्क पडलेले असतात, बाप निकालाची रंगीत प्रिंट काढतो, लॅमिनेशन करून घेतो आणि निघतो. बैठक मारून बसतात ती मधल्या मार्कांची माणसं. एमबीबीएस थोडक्यात हुकलेलं असतं, आयुर्वेदला मन घेत नसतं. पोरगी गप्प, आई पदराच्या टोकाशी चाळा करत असते आणि बाप किंवा मामा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं वाकून म्हणतो, “सर, डेंटलचं काय होतंय का बघा की ओ.”

मी समुपदेशक वगैरे नाही. बाहेरच्या पाटीवर झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट आणि ‘सर्व प्रवेश फॉर्म भरून मिळतील’ एवढंच लिहिलंय. पण न्हाव्याला जशा गावातल्या भानगडी न विचारता कळतात, तसं वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरून मलाही काही गोष्टी कळायला लागल्यात. त्यातली एक बरेच दिवस लिहीन म्हणत होतो. डेंटलच्या प्रवेशाला येणारं जवळजवळ प्रत्येक घर पसंतीक्रम भरताना कधी ना कधी म्हणतं, “आत्ता मिळेल ते घेऊ, बदलीचं नंतर बघू.”

यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडं बदली ही होणारीच गोष्ट. झेडपीच्या गुरुजींची होते, एसटीच्या कंडक्टरची होते, पोलिसाची तर होतेच होते. कुणाच्या तरी साडूची मंत्रालयात ओळख निघते, दोन खेपा होतात, काम होतं. मग पोरीच्या कॉलेजचीही होईल, असं सरळ गणित. शिवाय बारावीच्या पोरांच्या आसपास घिरट्या घालणारे ‘आपण करून देतो’वाले असतातच. ते पहिल्या वर्षाचा आकडा सांगतात आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात आणून देण्याचा वेगळा आकडा सांगतात. पावती कशाचीच देत नाहीत.

तर आधी सरळ रस्ता. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं. तिन्ही शास्त्र विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ पूर्ण. मग मे महिन्यातल्या एका रविवारी, सोलापूरचं ऊन ४२-४३ वर गेलेलं असताना, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चपला घालून नीट द्यायची. प्रश्न १८०, मार्क ७२०, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. यातले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न बायॉलॉजीचे. एमबीबीएस आणि बीडीएस दोन्हींना हीच परीक्षा, त्यामुळं दातांचा डॉक्टर व्हायचं म्हणून वेगळा अभ्यास करणारा पोरगा माझ्या पाहण्यात नाही. सगळे एकाच दिशेनं पळतात आणि फाटा शेवटी फुटतो.

निकालानंतर खरा कारभार सुरू होतो. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल प्रवेश समिती भरते, उरलेल्या ८५ टक्के राज्याचा मुंबईचा सीईटी सेल. खासगी कॉलेजांचा राज्याचा कोटाही सेलकडंच. अभिमत विद्यापीठांचं सगळं परत एमसीसीकडं. म्हणजे एका पोरासाठी दोन वेबसाइट, दोन वेळापत्रकं आणि दोन पासवर्ड. ते पासवर्ड बाप विडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून ठेवतो आणि तो कागद घरात कुणीतरी झाडून काढतं.

राज्याची गुणवत्ता यादी लागली की सगळ्यांच्या तोंडी ‘एसएमएल’, म्हणजे त्या यादीतला नंबर, येतं. “एसएमएल किती?” हा त्या दिवसांतला नमस्कारच. मग गेल्या वर्षीचे कटऑफ, कॅटेगरी, राऊंड. सरकारी डेंटल म्हणाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही जुनी तीन, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. सोलापुरात मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे आणि ते सरकारी आहे, सरकारी डेंटल मात्र नाही. केगावला खासगी आहे. त्यापुढं लातूर, सांगली, पुणे. म्हणजे सोलापूरच्या पोराला सरकारी फीत डेंटल करायचं तर घर सोडावंच लागतं, आणि घराजवळ राहायचं तर खासगीची फी मोजावी लागते. आमच्या दुकानातली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून होतात.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची यादी माहितीपुस्तिकेत असते आणि तरीही लोक ती वाचत नाहीत. एवढंच सांगतो की जातीचा दाखला म्हणजे जात पडताळणी नव्हे, आणि मुदत संपलेलं नॉन-क्रिमीलेयर चालत नाही. आणखी एक आपल्या भागातलं दुखणं. राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायला साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अक्कलकोटच्या पोरानं आजोळी, इंडीला राहून दहावी केली असेल तर तो घरी कितीही मराठी बोलू दे, कॉम्प्युटर त्याला कर्नाटकचा धरतो. त्या घरातल्या आजीला हे कसं समजवायचं, ते मला अजून जमलेलं नाही. ती म्हणते, “तीन कोस तर हाय इंडी.” तीन कोस नाही, बरंच लांब आहे, पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आता पसंतीक्रमाची यादी. सगळा खेळ इथं आहे. कॉम्प्युटर काय करतो, तर गुणवत्तेप्रमाणं एकेक नाव घेतो, त्या नावाची यादी वरून खाली वाचतो आणि जिथं पहिल्यांदा जागा शिल्लक दिसेल तिथं बसवतो. त्याला तुमचं मन कळत नाही, फक्त क्रम कळतो. म्हणून यादी हवीहवीशी ते नकोशी अशी भरायची असते. लोक भरतात उलटी. “मिळण्यासारखं वर टाका सर, मोठी नावं खाली असू द्या.” मिळण्यासारखं वर टाकलं की ते मिळतं, आणि खालच्या मोठ्या नावाकडं कॉम्प्युटर बघतसुद्धा नाही. मोठं नाव वर टाकून नाही मिळालं तर तोटा काहीच होत नाही, तो मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जातो. हे मी कागदावर चौकोन काढून समजावतो. लोक मान डोलावतात आणि परत म्हणतात, “ते खरं आहे, पण रिस्क नको.”

आणि इथंच ती बदली आहे, जी लोक दुसऱ्या वर्षात शोधत फिरतात. पहिल्या राऊंडला एखादं कॉलेज मिळालं, तिथं जाऊन मूळ कागद दिले, फी भरली, तरी पुढच्या राऊंडला तुमचं नाव वर सरकू शकतं. वरची जागा लागली की खालची आपोआप सुटते. ती मागून परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवायचं. मात्र ‘मला हीच सीट पुरे’ असं लिहून देणारा एक फॉर्म असतो, स्टेटस रिटेन्शनचा. तो भरला की तुम्ही पुढच्या राऊंडांतून बाहेर. प्रवेशाच्या गडबडीत, खिडकीवर रांग लागलेली असताना, पुढ्यात येईल त्या कागदावर सह्या करण्याची आपली सवय. तिसऱ्या राऊंडला यांच्यापेक्षा मागचा नंबर असलेला पोरगा सांगलीला जातो आणि हे विचारतात, आमचं का नाही झालं? झालं नाही, कारण तुम्हीच नको म्हणून लिहून दिलंय. राऊंडांचे बारीकसारीक नियम दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, ते त्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघावेत. पण कॉलेज बदलायची कायदेशीर, फुकटातली, कुणाच्याही साडूशिवायची संधी असते ती राऊंडांच्या मधल्या या थोड्या दिवसांत. शेवटचा राऊंड संपला की दार लागतं.

किती घट्ट लागतं, ते मला एका यंत्रमाग कामगारामुळं नीट वाचायला लागलं.

गृहस्थ टॉवेलच्या कारखान्यात कामाला. पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, मालकाशी दोन्ही. थोरली पोरगी हुशार. तिला विदर्भातल्या एका कॉलेजात बीडीएस मिळालं होतं आणि तिचा फॉर्म मीच भरला होता. पहिलं वर्ष संपत आलं असताना यांना हार्टचा त्रास झाला, स्टेंट टाकले, माग बंद झाला. दुकानात आले तेव्हा चालताना धाप लागत होती. म्हणाले, “सर, पोरीला इकडं आणायचंय. कुणीतरी म्हणालं, पहिल्या वर्षानंतर ट्रान्सफर होते म्हणून.”

ते कुणीतरी अर्धं बरोबर होतं. मी डेंटल कौन्सिलची २००७ ची बीडीएस नियमावली काढली आणि त्यांना एकेक ओळ मराठीत करून सांगत गेलो. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं हा विद्यार्थ्याचा हक्क नाही, सुरुवातच अशी. अपवाद म्हणून, अगदी करुणेच्या कारणावरून, कौन्सिल विचार करू शकते. दोन्ही कॉलेजं मान्यताप्राप्त हवीत. पहिल्या वर्षाची परीक्षा पास हवी. निकालापासून एका महिन्याच्या आत अर्ज सगळ्या संबंधितांकडं पोचायला हवा. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसण्याआधी नव्या कॉलेजात बारा महिने शिकेन असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कौन्सिलच्या मंजुरीशिवाय कॉलेजनं किंवा विद्यापीठानं परस्पर काही करायचं नाही. आणि एकदा पेशंट तपासण्याची वर्षं सुरू झाली की कुठल्याही कारणावरून बदली नाही.

“कारण कुठलं चालतं पण?” त्यांनी विचारलं.

खाली दोनच कारणं होती. सांभाळ करणाऱ्या पालकाचा मृत्यू. किंवा कॉलेजच्या भागात अशांतता असल्याचं सरकारनं जाहीर केलेलं असणं.

मी दुसरं आधी सांगितलं. मग पहिलं सांगावंच लागलं. ते थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. “म्हणजे मी आजारी असून भागत नाही, मेलोच पाहिजे होय?” शेजारच्या कॉम्प्युटरवर आधार कार्डातला पत्ता बदलायला बसलेला माणूसही हसला आणि मग वरमला.

मी त्यानंतर या कलमावर पुष्कळ विचार केलाय. ते कशासाठी आहे, हे कळतं. बदली ढिली ठेवली तर दुसऱ्या वर्षाला सगळा महाराष्ट्र पुण्यात जमेल आणि लांबच्या कॉलेजांतले बाक रिकामे पडतील. पुण्याची जागा ज्यानं जास्त मार्क काढून मिळवली त्याच्यावरही तो अन्याय. आणि ढिल्या नियमाचा फायदा टॉवेल विणणाऱ्याला होत नाही, ज्याचा साडू मंत्रालयात असतो त्याला होतो. हे सगळं मला पटतं. पण धाप लागलेला माणूस समोर बसलेला असताना ते पटवून घेणं जड जातं, आणि आजारपणाला त्या यादीत जागा नसावी हे मला आजही बरोबर वाटत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला आणि जुन्या कौन्सिलच्या जागी आयोग यायचं ठरलं. नव्या नियमावल्या येतील तेव्हा कुणीतरी ही ओळ परत वाचावी, इतकंच.

पोरगी सुट्टीत आली तेव्हा एकदा जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढायला दुकानात आली. लाइट गेली. इन्व्हर्टरवर झेरॉक्स मशीन चालत नाही, म्हणून ती बाकावर बसली आणि कंपासपेटीतून मेणाची एक वडी काढली. खडूसारखी चौकोनी, पण जाडजूड, निळसर. दुसरं एक हत्यार, दोन टोकांचं. एका टोकाला चपटं पातं, दुसऱ्या टोकाला इवलीशी चमच्यासारखी खोलगट जीभ. “लेक्रॉन कार्व्हर,” ती म्हणाली. पहिल्या वर्षाला मेणातून दात कोरावे लागतात. पटाशीचे दात, सुळे, दाढा, प्रत्येकाची लांबीरुंदी ठरलेली, मिलिमीटरमध्ये. मॅडम पट्टी लावून बघतात.

तिनं आधी वडीवर टाचणीनं रेघा आखल्या. मग चारही बाजू उतरवल्या, मेणाच्या सालपटांचा ढीग मांडीवरच्या वर्तमानपत्रात पडत गेला. मुळं वेगळी केली, तीन. मग वरचा भाग. “काका, ही वरची पहिली दाढ. हिला चार मोठे कस्प, म्हणजे उंचवटे असतात आणि आतल्या बाजूला कधी कधी हा पाचवा, बारका. कॅराबेलीचा. सगळ्यांना नसतो.” मी तिथल्या तिथं जिभेनं माझी दाढ चाचपून बघितली. काही कळलं नाही. खळगे काढताना ती श्वास धरत होती. एकदा पातं सटकलं, एका उंचवट्याचं टोक गेलं, तिनं चक् केलं आणि सगळी दाढ एका बोटभर खाली उतरवून परत सुरू केली. “नागपूरकडं काय नि इकडं काय, उन्हाळ्यात मेण धार धरत नाही. मी हॉस्टेलला माठाला टेकवून ठेवते.” तोंडात थोडंसं ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ यायला लागलं होतं. आई तिला त्यावरून चिडवते म्हणाली.

लाइट आली तेव्हा दाढ जवळजवळ झाली होती. बाप न्यायला आला, त्यानं ती चिमटीत धरून उजेडाकडं फिरवून बघितली. कडा, उतार, मधली घळ. टॉवेलच्या काठातला एक चुकलेला धागा लांबून ओळखणारी नजर ती. “बरोबर हाय की,” एवढं म्हणाला आणि परत पोरीच्या हातात दिली.

त्या दुपारनंतर मला त्या नियमातली मधली ओळ कळली, क्लिनिकल वर्षांत बदली नाही ही. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि दातांची रचना. दुसऱ्याला औषधं, जंतू, दाताला लागणारी सिमेंटं-धातू आणि नकली जबड्यावर पोकळ्या भरण्याचा सराव. तिसऱ्यापासून खरा माणूस खुर्चीत. पेशंट तुमच्या नावावर असतो, त्याचं अर्धं काम झालेलं असतं, आज दाढेची नस काढली तर पुढच्या आठवड्यात भरायची असते. तिथं मधूनच उठून दुसऱ्या गावाला गेलं तर त्या माणसाचं तोंड कुणी बघायचं? चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हे एका जागी बसूनच व्हायचं काम आहे.

पण डेंटलला येणाऱ्यातले बरेच जण मनानं तिथं बसायलाच तयार नसतात. सोलापूरला डॉक्टर म्हटलं की भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक डोळ्यापुढं येतं. १९१० साली इथं जन्मलेला माणूस, चीनमध्ये जाऊन सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला. त्या सावलीत ‘दाताचा डॉक्टर’ म्हणजे लोकांना उतरती पायरी वाटते. “बीडीएस का? बरं बरं, डॉक्टर तर लागेल नावापुढं.” हे सांत्वन मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचाच राग येतो. भारतात पहिलं डेंटल कॉलेज डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढलं, दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. शंभर वर्षं होऊन गेली तरी आमच्याकडं हा विषय ‘एमबीबीएस नाही मिळालं म्हणून’ या वाक्यातच अडकून आहे.

म्हणून मग दुसरा प्रश्न येतो: बीडीएसचं एक वर्ष करून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं का? विषय तर तेच असतात. नाही जाता येत. परत नीट, परत पहिल्यापासून. दंतवैद्यांना ब्रिज कोर्स देऊन एमबीबीएसकडं आणायची चर्चा मध्यंतरी बरीच झाली, पदरात काही पडलं नाही. यामुळं पोरं अंगानं एका कॉलेजात आणि मनानं लातूरच्या क्लासच्या बेंचवर असतात, रिपीटरच्या बॅचला. काहींचं साधतं. पुष्कळांचं पहिल्या वर्षाचं अॅनॉटॉमीही राहतं आणि नीटही.

दुसरीकडं जागा रिकाम्या राहतात, हेही खरं. २०२०-२१ मध्ये देशात बीडीएसच्या सुमारे ७००० जागा पडून होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं पात्रतेचा पर्सेंटाइल १० नं खाली आणायला लावला. त्या फेब्रुवारीत माझ्याकडं पार ऑक्टोबरात बी.एस्सी.ला जाऊन बसलेली पोरं परत आली. एकानं घेतलं, आता त्याचं इंटर्नशिपसुद्धा झालं असेल.

परदेशाची चौकशी करणारे कमी, पण असतात. त्यांच्यासाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवणं, कुरिअर, पोचपावती हे उद्योग माझ्याकडं येतात. अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. तिथं आधी कॉलेजची पदवी, त्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, मग डॅट नावाची परीक्षा, एकाच केंद्रीय अर्जावरून अनेक कॉलेजांना विनंती, मुलाखत, आणि त्यानंतर चार वर्षं. डीडीएस आणि डीएमडी अशी दोन नावं आहेत, पदवी एकाच तोलाची. आपल्याकडचं बीडीएस पूर्ण केलेल्यांसाठी तिथं मधून शिरायचा वेगळा रस्ता आहे, अॅडव्हान्स्ड स्टँडिंगचा. दोन ते तीन वर्षं. त्याला आयएनबीडीई ही बोर्डाची परीक्षा लागते, इंग्रजीची परीक्षा लागते, आणि बरीच कॉलेजं नकली जबड्यावर हाताची परीक्षा घेतात. तिथं परत मेणापाशीच गाडी येते. पण इथं दोन वर्षं करून, कंटाळून, तिकडं तिसऱ्या वर्षाला जाऊ म्हणणाऱ्याला तो रस्ता नाही. अर्धं बीडीएस कुणी मोजत नाही. पूर्ण केलेलं मात्र सगळीकडं काही ना काही किंमत ठेवून असतं.

आणि किंमत म्हणाल तर आपल्याच गावात बघा. विड्या वळणाऱ्या बायकांची ही नगरी. कुंभारीला त्यांच्या घरकुलाची हजारो घरं आहेत. सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या बायका, दिवसभर मावा कोंबणारे रिक्षावाले, तिशीतच तोंड दोन बोटांच्या पलीकडं न उघडणारी पोरं. सिव्हिलच्या दातांच्या ओपीडीत जाऊन तासभर बसलं की कळतं, दाताच्या डॉक्टरकडं माणूस दातासाठी येतो आणि कित्येकदा गालातला पांढरा चट्टा तिथंच पहिल्यांदा कुणाला तरी दिसतो. तो चट्टा वेळेत ओळखणाऱ्याला ‘नावापुढं डॉक्टर तर लागेल’ म्हणायचं? असो.

अलीकडं एक फरक पडलाय. जुलै २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी पूर्ण केली. अभिमत आणि खासगी विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, पण केंद्रीय प्रवेशातून खासगी कॉलेजात गेलेल्या मुलीला आहे. तेव्हापासून दुकानात मुलींच्या बापांचा सूर बदललाय. पूर्वी पोरगी बोलायच्या आत तो “झेपणार नाही” म्हणायचा. आता फॉर्म उघडेपर्यंत तरी गप्प बसतो, आणि पोरीला बोलायला जागा होते.

गेल्या मोसमात अशीच एक आली होती, मामाबरोबर. चष्मा, वेणी, हातात वही. मामाचं म्हणणं, केगाव पहिलं टाका, घरचा डबा मिळेल. तिच्या वहीत पहिलं मुंबईचं सरकारी होतं, दुसरं नायर.

“मुंबई? एकटी?” मामा.

“सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे की रात्रीची. झोपलं की मुंबई.”

“आणि आजारीबिजारी पडलीस म्हणजे?”

“मामा, दवाखान्यातच असणार ना मी.”

मामानं माझ्याकडं बघितलं. मी कागद घेऊन चौकोन काढायला लागलो, तर ती म्हणाली, “काका, ते मला माहीत आहे, मी पुस्तिका वाचलीय.” पुस्तिका वाचून आलेली मुलगी म्हणून मी तिला चहा सांगितला. मामा मात्र हटायला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली: पहिली दोन तिची, तिसरं मामाच्या एका मित्राच्या ओळखीचं कॉलेज, “तिथून पुढच्या वर्षी बदलीचं मी बघतो.” ती काही बोलली नाही. मी तिसरं टाकलं, बाकीची यादी तिनं सांगितली तशी भरली.

लॉक करायला गेलो तर ओटीपी मामाच्या नंबरवर. फोन घरी चार्जिंगला. मामा वैतागत स्कूटरला किक मारून निघाला. तो वळणावर दिसेनासा झाला तशी तिनं खुर्ची पुढं ओढली, माउस हातात घेतला आणि तिसरी ओळ उडवली. त्या जागी सांगली आली.

“मामानं विचारलं तर?” मी म्हणालो.

“सिस्टिमनं काढलं म्हणून सांगा, काका.”